मुंबईची पर्सिस, अवकाशातली इलिया

२३ नोव्हेंबर १९७९ रोजी कॅलिफोर्नियातल्या मालिबूत मर्ल ओबेरॉन वारली. 'द डार्क एंजल'साठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. 'वदरिंग हाइट्स'मध्ये ती लॉरेन्स ऑलिव्हिएची नायिका होती. हॉलिवूडच्या सुवर्णकाळातल्या मानाच्या नट्यांत तिची गणना व्हायची. ही मर्ल जन्मली मुंबईत आणि वाढली कोलकात्यात, पण जन्मभर सांगत राहिली की आपण टास्मानियात जन्मलो. आपण हिंदुस्थानातल्या मिश्र घरातल्या आहोत हे कळलं तर पडद्यावरचं स्थान जाईल, ही धास्ती तिला अखेरपर्यंत होती. तिला वाढवणाऱ्या सावळ्या शार्लटला ती पाहुण्यांसमोर घरची मोलकरीण म्हणून दाखवत असे, असं तिच्या चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. खरी हकीकत जगापुढे सविस्तर आली ती तिच्या मृत्यूनंतर, १९८३ साली.

तिच्या मृत्यूनंतर बरोबर दोन आठवड्यांनी, ७ डिसेंबर १९७९ ला, अमेरिकेत 'स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर' लागला. त्याच्या श्रेयनामावलीत एक नाव ठळकपणे झळकत होतं : पर्सिस खंबाटा. नावात फेरफार नाही, आडनाव गाळलेलं नाही, जन्मगावाबद्दल बनावट कथा नाही. मुंबईच्या एका मध्यमवर्गीय पारशी घरातली मुलगी आपल्या नावानिशी त्या पडद्यावर उभी होती. डोक्यावर मात्र एकही केस नव्हता.

पर्सिसचा जन्म २ ऑक्टोबर १९४८ चा. ती दोन वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. मुंबईतल्या एका नामवंत छायाचित्रकारानं सहज म्हणून तिचे काही फोटो काढले आणि त्यातून रेक्सोना साबणाची जाहिरात मिळाली. तेव्हा ती जेमतेम तेरा वर्षांची होती. फ्रॉकच्या वयातला तो चेहरा मासिकांच्या पानांवर घरोघरी पोहोचला.

त्या काळची जाहिरातींची दुनिया नजरेसमोर आणली पाहिजे. मुंबईत दूरदर्शन आलं १९७२ साली आणि त्यावर जाहिराती सुरू झाल्या १९७६ मध्ये. म्हणजे साठच्या दशकात मॉडेलचं काम प्रामुख्यानं फोटोंचं : मासिकाचं पान, दुकानातलं पोस्टर, रस्त्यावरचं होर्डिंग, फार तर चित्रपटगृहात मध्यंतराच्या आधी दाखवली जाणारी छोटी जाहिरातफीत. मॉडेलला संवाद नसत आणि बहुतेक वेळा नावही नसे. साबण, पावडर, साडी यांच्याशेजारी उभा असलेला तो एक चेहरा असायचा. साबणाच्या जाहिरातीत नावानिशी झळकण्याचा मान होता तो आधीच गाजलेल्या नट्यांना. १९४१ साली लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत आल्या, तो मान मिळवणारी पहिली भारतीय अभिनेत्री म्हणून. वाट अशी पडद्याकडून साबणाकडे जात होती. साबणाकडून पडद्याकडे जाणारी वाट अजून कुणी फारशी तुडवलेली नव्हती.

ती वाट तुडवायला सुरुवात झाली सौंदर्यस्पर्धांमुळे. 'फेमिना' मासिक १९५९ साली निघालं आणि १९६४ पासून त्याची मिस इंडिया स्पर्धा भरू लागली. पहिल्या वर्षी मेहेर मिस्त्री जिंकली. पुढे मेहेर कॅस्टेलिनो या नावानं तिनं फॅशनविषयक लेखनात मोठं काम केलं. दुसऱ्या वर्षी, १९६५ ला, मुकुट आला पर्सिसच्या डोक्यावर. वय वर्षं सोळा. 'मिस फोटोजेनिक' हा किताबही तिनंच घेतला. १९६६ मध्ये रीटा फारिया मिस वर्ल्ड झाली. ती मूळची गोव्याकडची, वाढली मुंबईत आणि शिकत होती ग्रँट मेडिकल कॉलेजात. पारशी, गोवेकर ख्रिश्चन अशा घरांतल्या मुली या क्षेत्रात सर्वांआधी उतरल्या यात नवल नाही. इंग्रजी, पाश्चात्त्य पोशाख आणि चारचौघांत वावरण्याची मोकळीक त्यांना घरातूनच मिळालेली होती. मराठी मध्यमवर्गीय घरातल्या मुलीला तेव्हा एवढं पाऊल टाकणं फार जड गेलं असतं.

१९६५ च्या जुलैत अमेरिकेतल्या मायामी बीचवर मिस युनिव्हर्स स्पर्धा झाली. पर्सिस तिथं भारताची प्रतिनिधी होती. आजच्यासारखे प्रशिक्षक, पोशाखकार, दंतवैद्य, चालण्या-बोलण्याचे वर्ग यांतलं काहीच तिच्या मागे नव्हतं. आयत्या वेळी दुकानातून घेतलेल्या तयार कपड्यांवर ती मंचावर गेली. मुकुट थायलंडच्या अपास्रा होंगसाकुलाला मिळाला. भारताला तो मुकुट मिळायला १९९४ साल, सुष्मिता सेन, यावं लागलं.

रीटा फारियानं मिस वर्ल्डचं वर्ष संपल्यावर चित्रपट आणि मॉडेलिंग यांकडे पाठ फिरवली, वैद्यकीय शिक्षण पुरं केलं आणि पुढचं आयुष्य डॉक्टर म्हणून काढलं. पर्सिसनं दुसरं टोक निवडलं. एअर इंडिया, रेव्हलॉन, गार्डन वरेली अशी एकाहून एक मोठी नावं तिच्या खात्यावर जमा झाली. तिची उंच, सडपातळ अंगकाठी, रेखीव गालफडं आणि मोठे काळेभोर डोळे कॅमेऱ्याला मानवत होते. लांब दाट केस तर जाहिरातदारांच्या खास आवडीचे.

चित्रपटानं तिला हाक मारली ती ख्वाजा अहमद अब्बास यांच्या रूपानं. नव्या चेहऱ्यांवर विश्वास टाकणारा त्यांच्यासारखा निर्माता-दिग्दर्शक त्या काळात विरळा. पुढच्याच वर्षी त्यांनी गोवामुक्तीवरच्या 'सात हिंदुस्तानी'त अमिताभ बच्चनला पहिली संधी दिली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी 'बंबई रात की बाहों में' या चित्रपटात त्यांनी पर्सिसला आणलं होतं. एका रात्रीची ही गोष्ट. मुंबईतला प्रामाणिक पत्रकार, त्याला विकत घ्यायला निघालेला धनवान, झोपडपट्ट्या, क्लब आणि रस्ते. रामचंद्र यांच्या कृष्णधवल छायाचित्रणाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. त्या मुंबईचा अंधार आजही अंगावर येतो. पर्सिस त्यात लिली नावाची क्लबातली गायिका होती.

लिली हे नावच सगळं सांगून जातं. त्या काळच्या हिंदी चित्रपटात स्कर्ट घालणाऱ्या, क्लबात गाणाऱ्या, इंग्रजी वळणाच्या बाईसाठी खल-कुळातली एक जागा ठरलेली असे. तिचं नाव लिली, रोझी नाहीतर मोना. नायिका व्हायची ती साडीतली, आईच्या धाकातली, पूजेचं तबक धरलेली. अब्बाससारख्या पुरोगामी माणसालाही पर्सिसचा चेहरा पाहून क्लबच सुचला. तीनच वर्षांनी 'हरे रामा हरे कृष्णा' आला आणि त्यात देव आनंद यांनी झीनत अमानला उभी केली. तीही सौंदर्यस्पर्धेतून आलेली, मॉडेलिंग केलेली, तशीच पाश्चात्त्य वळणाची. प्रेक्षकांनी झीनतला डोक्यावर घेतलं आणि बघता बघता हिंदी नायिकेची व्याख्या बदलली. पर्सिस त्या बदलाच्या किंचित आधी दारात उभी राहिली होती. माझ्या मते तिच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली इथंच सापडते. ती जिथं गेली तिथं दार उघडण्याच्या आधी पोहोचली.

सत्तरच्या दशकात ती लंडनला गेली. तिथंही मॉडेलिंगवर पाय रोवून तिनं चित्रपटांची वाट धरली आणि १९७५ साली तिचे दोन इंग्रजी चित्रपट आले. मायकेल अँडरसनच्या 'कंडक्ट अनबिकमिंग'मध्ये ब्रिटिश राजवटीतल्या हिंदुस्थानातली एक पलटण होती. मायकेल यॉर्क, रिचर्ड अॅटनबरो, ट्रेव्हर हॉवर्ड, ख्रिस्तोफर प्लमर यांच्या त्या भरगच्च ताफ्यात पर्सिसची भूमिका लहानशी होती.

दुसरा होता राल्फ नेल्सनचा 'द विल्बी कॉन्स्पिरसी'. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीच्या तावडीतून पळणारा कृष्णवर्णीय नेता झाला होता सिडनी पॉइटिए आणि त्याच्याबरोबर नाइलाजानं ओढला गेलेला इंग्रज मायकेल केन. वर्णद्वेषावरचा चित्रपट दक्षिण आफ्रिकेत करणं शक्यच नव्हतं, म्हणून चित्रीकरण मुख्यतः केनियात झालं. सईद जाफरी त्यात भारतीय वंशाचे दंतवैद्य होते आणि पर्सिस त्यांची सहकारी डॉक्टर. त्या पात्राचं नावही पर्सिसच : डॉ. पर्सिस रे. इथं तिच्या वाट्याला शिकलेली, स्वतःचं डोकं चालवणारी, राजकारणात उतरलेली भारतीय स्त्री आली. पुढच्या पंधरा वर्षांत इतकी या मातीतली भूमिका परदेशी पडद्यानं तिला फारशी दिली नाही.

आता 'स्टार ट्रेक'कडे येऊ.

१९६० च्या दशकातली ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका तीन हंगामांनंतर बंद पडली होती. पुनर्प्रक्षेपणांमुळे मात्र तिचा चाहतावर्ग वाढतच गेला. तेव्हा पॅरामाउंट कंपनीनं १९७७ साली 'स्टार ट्रेक : फेज टू' नावाची नवी मालिका काढायचं ठरवलं. जुन्या पात्रांच्या जोडीला निर्माते जीन रॉडनबेरी यांनी काही नवी पात्रं रचली. त्यांतली एक होती लेफ्टनंट इलिया, यानाची दिशादर्शक. ती डेल्टा ग्रहावरची. त्या ग्रहावरच्या लोकांच्या डोक्यावर केस नसतात, त्यांचं आकर्षण माणसांना आवरत नाही आणि म्हणून अवकाशसेवेत येताना त्यांना ब्रह्मचर्याची शपथ घ्यावी लागते. चाचणीसाठी पर्सिस आली तेव्हा केसांवरून घट्ट बसणारी रबरी टोपी चढवून तिचं चित्रण केलं गेलं. टोपी घातलेल्या त्या चेहऱ्यातले डोळे पाहिले की निवड का झाली ते लगेच कळतं.

सेट उभे राहिले, पोशाख शिवले गेले, कथा लिहून तयार झाल्या आणि मालिकाच रद्द झाली. त्याच वर्षी 'स्टार वॉर्स'नं आणि पाठोपाठ 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'नं तिकीटखिडकीवर धुमाकूळ घातला होता. पॅरामाउंटनं हिशेब केला की मालिका कशाला, मोठा चित्रपटच करावा. २८ मार्च १९७८ रोजी भव्य पत्रकार परिषद घेऊन घोषणा झाली. दिग्दर्शनासाठी आणले रॉबर्ट वाइज, 'वेस्ट साइड स्टोरी' आणि 'द साउंड ऑफ म्युझिक'चे दोनदा ऑस्कर विजेते दिग्दर्शक. इलियाची भूमिका पर्सिसकडेच राहिली. फरक एवढाच, की आता टोपी चालणार नव्हती. थिएटरच्या अवाढव्य पडद्यावर रबराची कड दिसली असती.

मग तो दिवस आला. रंगभूषाकार फ्रेड फिलिप्स यांनी कात्री चालवली, नंतर वस्तरा. ज्या केसांवर पर्सिसचं पोट चाललं होतं, ज्यांच्यामुळे साबण आणि साड्या खपल्या होत्या, ते जमिनीवर उतरले. त्या क्षणी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रसिद्धीसाठी फोटोही काढले गेले. मॉडेलच्या दृष्टीनं हा जुगारच होता. केस पुन्हा तसेच उगवतील याची हमी कोण देणार? रॉडनबेरींनी सुचवलं की केसांचा विमा उतरवावा. चौकशी झाली. पण नवे केस जुन्यासारखे आले नाहीत हे सिद्ध कसं करायचं, हाच प्रश्न होता आणि विम्याचा हप्ताही परवडण्यासारखा नव्हता. अखेर लॉस एंजेलिसच्या एका नामांकित त्वचाउपचार केंद्रात जाऊन तिनं डोक्याच्या कातडीची निगा राखण्याचे उपचार घेतले आणि ऑगस्ट १९७८ पासून पुढच्या जानेवारीपर्यंत चाललेल्या चित्रीकरणात रोज डोकं तुळतुळीत ठेवलं.

भारतीय वाचकाला यातलं धाडस वेगळ्या अंगानंही जाणवेल. डोकं भादरलेली बाई म्हटलं की आपल्याकडे काय आठवतं ते सांगायला नको. विधवेचं केशवपन बंद व्हावं म्हणून महाराष्ट्रातल्या सुधारकांना पिढ्यान्‌पिढ्या झगडावं लागलं. ज्या देशात बाईचं केस गमावणं म्हणजे सौभाग्य गमावणं मानलं गेलं, त्या देशातल्या सौंदर्यस्पर्धेची विजेती राजीखुशीनं मुंडण करते आणि तरीही देखणी दिसते, नव्हे त्यामुळेच लक्षात राहते, ही गोष्ट १९७९ साली लहान नव्हती.

अभिनयाचं काय? चित्रपट संथ आहे, यानाच्या सौंदर्यात हरवून बसणारा आहे आणि समीक्षकांनी त्याबद्दल कान उपटले ते बरोबरच होतं. पर्सिसचे सुरुवातीचे संवाद थोडे ताठर वाटतात हेही मान्य करावं लागेल. पण तिचं खरं काम सुरू होतं मध्यावर. व्हीजर नावाची एक अगडबंब यांत्रिक शक्ती इलियाला नाहीशी करते आणि तिच्याच रूपाचं एक यंत्र यानावर पाठवते. आता हे यंत्र इलियाच्या देहात वावरतंय. त्याला भावना नाहीत, तरी इलियाच्या आठवणी त्याच्या आत कुठेतरी शिल्लक आहेत. गळ्याशी लावलेला एक लहानसा दिवा यंत्र असल्याची खूण म्हणून लुकलुकतो. त्याच्या उष्णतेनं कातडीला चटके बसायचे. पांढरा आखूड झगा, डोक्यावर केस नाहीत, भुवया तेवढ्या शाबूत आणि आवाज सपाट.

एक प्रसंग जवळून पाहावा. यानावरची मंडळी या यंत्राला इलियाच्या खोलीत नेतात आणि तिच्या ग्रहावरची कपाळपट्टी तिच्या डोक्याला बांधतात. जुनी इलिया जागी होईल या आशेनं. समोर डेकर आहे, इलियाचा जुना प्रियकर. या भूमिकेत होता स्टीफन कॉलिन्स. एका क्षणासाठी पर्सिसचे डोळे बदलतात. चेहऱ्याचा एकही स्नायू हलत नाही, मान वळत नाही, तरी नजरेत ओळख येते, ती डेकरचं नाव उच्चारते आणि पुढच्या क्षणी नजर पुन्हा रिकामी. वर्षानुवर्षं स्थिर कॅमेऱ्यापुढे बिनसंवादाचं उभं राहिलेल्या मॉडेलची ती कमाई आहे. केवळ नजरेनं माणूस आणि यंत्र यांतला फरक दाखवायला जो संयम लागतो, तो तिनं फोटोंच्या स्टुडिओत कमावला होता. विज्ञानपटांच्या सॅटर्न पुरस्कारांत तिला अभिनेत्रीचं नामांकन मिळालं ते याच कामासाठी.

संगीतकार जेरी गोल्डस्मिथ यांनी इलियासाठी स्वतंत्र सुरावट रचली होती. चित्रपट सुरू होण्याआधी, पडद्यावर दृश्य उमटण्याच्याही आधी, प्रेक्षकांना ऐकू येते ती हीच सुरावट. चार-साडेचार कोटी डॉलर खर्चून केलेल्या आणि जगभरात तेरा कोटींहून अधिक कमावणाऱ्या त्या चित्रपटाचं दार एका मुंबईकर मुलीच्या पात्राच्या नावे उघडतं. पुढं १९८७ साली 'स्टार ट्रेक'ची नवी मालिका आली तेव्हा त्यातलं डिॲना ट्रॉय हे पात्र इलियावरूनच बेतलं गेलं.

१४ एप्रिल १९८० ला लॉस एंजेलिसच्या डोरोथी चँडलर पॅव्हिलियनमध्ये ऑस्कर सोहळा झाला. पुरस्कार द्यायला मंचावर आलेल्यांत पर्सिस होती, विल्यम शॅटनरच्या जोडीनं. ऑस्करच्या मंचावरून पुरस्कार देणारी ती पहिली भारतीय नागरिक. तीनच वर्षांनी, १९८३ च्या एप्रिलमध्ये, त्याच सभागृहात कोल्हापूरच्या भानू अथैया 'गांधी'च्या वेशभूषेसाठी ऑस्कर घेत होत्या आणि भारताला पहिलं ऑस्कर मिळत होतं. भानूताईंची ती रात्र आपण अभिमानानं सांगतो, सांगायलाच हवी. पर्सिसच्या त्या रात्रीची आठवण मात्र क्वचित निघते.

त्यानंतर मात्र घसरण लागली. १९८० सालीच जर्मनीत तिला मोटारीचा भीषण अपघात झाला आणि डोक्यावर कायमचा व्रण राहिला. १९८१ मध्ये आलेल्या 'नाइटहॉक्स'मध्ये सिल्व्हेस्टर स्टॅलोन पोलीस, रटगर हाउअर दहशतवादी आणि पर्सिस त्याची थंड डोक्याची साथीदार शक्का. भूमिका तिनं ताकदीनं केली. पण तिच्यासमोर हॉलिवूडनं कोणते पर्याय ठेवले होते ते बघा : परग्रहावरची बाई नाहीतर दहशतवादी. १९८२ च्या 'मेगाफोर्स'मध्ये ती मेजर झारा नावाची सैनिक अधिकारी होती. तो चित्रपट साफ कोसळला. मग इटालियन बनावटीचा 'वॉरियर ऑफ द लॉस्ट वर्ल्ड' आणि तशाच कमी पैशांतल्या साहसपटांची रांग.

मैसूरच्या माहुताच्या घरातला साबू १९३७ च्या 'एलिफंट बॉय'नं हॉलिवूडचा लाडका झाला, तरी जन्मभर जंगल, हत्ती आणि जादूचे गालिचे यांतच अडकून पडला. पर्सिसचं त्याहून वेगळं काही झालं नाही. नावात तिनं बदल केला नाही, हा तिचा मोठेपणा. पण तसं नाव धारण करणारी स्त्री अमेरिकेत शेजारीण, वकील, आई किंवा प्रेयसी असू शकते हे त्या काळच्या पटकथालेखकांच्या ध्यानीमनीही नव्हतं. दोष तिच्या गुणवत्तेत शोधणारे बरेच झाले. मला तो त्या पटकथांमध्ये दिसतो.

'ऑक्टोपसी'ची गोष्ट याचा पुरावा म्हणून पुरेशी आहे. १९८३ चा हा जेम्स बाँडपट बराचसा उदयपुरात घडतो, त्यात कबीर बेदी आणि विजय अमृतराज आहेत. शीर्षकभूमिकेसाठी भारतीय अभिनेत्री घ्यावी असा विचार निर्मात्यांनी केला होता आणि पर्सिसचं नाव त्यात होतं. अखेर भूमिका गेली स्वीडनच्या मॉड अॅडम्सकडे, जी आधीच एका बाँडपटात येऊन गेली होती. भारतात घडणाऱ्या चित्रपटालाही भारतीय नायिका मिळाली नाही.

त्याच वर्षी, पस्तिशीच्या उंबरठ्यावर, पर्सिसच्या हृदयावर बायपास शस्त्रक्रिया झाली. १९८५ च्या सुमारास ती मुंबईला परतली. १९८६ मध्ये 'शिंगोरा' या हिंदी निर्मितीत ती दिसली. अधूनमधून अमेरिकेत कामं करतच होती. १९९३ साली 'लोइस अँड क्लार्क' या सुपरमॅनवरच्या मालिकेच्या पहिल्या भागात ती क्षणभर येऊन गेली. तोवर भारतातलं वातावरण पालटलेलं होतं. वर्षभरात सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय जगज्जेत्या ठरल्या आणि मॉडेलिंगमधून चित्रपटात जाणं हा राजमार्ग झाला.

त्या राजमार्गाची पहिली पावलं कुणाची होती याची नोंद पर्सिसनंच ठेवली. १९९७ साली तिचं 'प्राइड ऑफ इंडिया' हे पुस्तक आलं. त्यात मिस इंडिया ठरलेल्या स्त्रियांची चित्रं आणि चरित्रं आहेत. पुस्तक तिनं मदर तेरेसांना अर्पण केलं आणि मानधन मिशनरीज ऑफ चॅरिटीला दिलं. आपल्या बरोबरीच्या, आपल्या आधीच्या आणि आपल्या नंतरच्या मुलींना एका पुस्तकात आणून बसवणं हे मला तिच्या कुठल्याही चित्रपटाइतकंच मोलाचं काम वाटतं. स्पर्धा जिंकलेल्या मुलींची नावं दुसऱ्या वर्षी विसरली जातात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

१८ ऑगस्ट १९९८ रोजी छातीत दुखू लागल्यानं तिला दक्षिण मुंबईतल्या रुग्णालयात नेण्यात आलं. तिथंच हृदयविकारानं तिचा मृत्यू झाला. पन्नाशी गाठायला दीड महिना उरला होता. दुसऱ्या दिवशी मुंबईतच अंत्यविधी झाले.

प्रियांका चोप्रा २०१५ साली अमेरिकन मालिकेची नायिका झाली आणि पुढच्या वर्षी ऑस्करच्या मंचावर पुरस्कार द्यायला उभी राहिली, तेव्हा आपल्याकडे मथळे भरून वाहिले. २०२३ मध्ये दीपिका पदुकोण त्याच मंचावर गेली, तेव्हाही. दोघीही मॉडेलिंग वा सौंदर्यस्पर्धांच्या वाटेनं आलेल्या. त्या बातम्यांत पर्सिसचा उल्लेख आलाच तर एखाद्या ओळीत.

तिचं काम मात्र पाहायला मिळतं, शोधायची तयारी हवी. 'स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर'ची सुधारलेली, स्वच्छ केलेली दिग्दर्शकीय आवृत्ती २०२२ मध्ये निघाली आहे. ती मिळवा आणि मध्यापासून पुढचा भाग मन लावून पाहा. मग जमल्यास 'बंबई रात की बाहों में'ही शोधून काढा. आज ज्या वाटेनं आपल्या मुली जगभर जातायत, ती वाट कुणी आणि किती एकटीनं तुडवली हे या दोन चित्रपटांत दिसेल. मुंबईच्या चित्रपट महोत्सवांनी तरी हे दोन्ही चित्रपट एकत्र दाखवावेत, तिच्याच शहरात, मोठ्या पडद्यावर.